काही त्रास नाही

९ फेब्रुवारी

ताई,

माझा नंबर तू बंद करून टाकलास, पण घराचा पत्ता काही बंद करता येत नाही, म्हणून हे पत्र. अक्षर ओळखून न वाचताच फाडणार असशील तर आधी भाऊजींच्या हातात दे. ते वाचतील आणि जेवताना तुला ऐकवतील, तू कितीही नको म्हण.

मी बरी आहे. पोलिसात नाही, रस्त्यावर नाही, नवऱ्याकडेही परत गेलेली नाही. त्याच्या छातीवर इस्त्रीचा डाग अजून असेल, त्यामुळे तोही मला बोलवायला येणार नाही. त्या दिवशी तू सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारून म्हणालीस, "तुझ्या हाताला आवर नाही, तू एक दिवस कुणाचा तरी जीव घेशील." तर तो दिवस अजून आलेला नाही, एवढं कळवते.

सध्या एका मोठ्या इमारतीत, वरच्या मजल्यावरच्या लांबलचक खोलीत, पांढऱ्या चादरीच्या खाटेवर बसून लिहितेय. घाबरू नको, आजारी नाही. आजारी असते तर यांनी मला घेतलंच नसतं. यांना धडधाकट माणसंच लागतात. सांधेदुखीवर नवीन गोळी काढली आहे. ती दुकानात जाण्याआधी चांगल्या माणसांना देऊन बघतात, अंगात काय होतं ते. त्याचे पैसे मिळतात. आमच्या खोलीत सगळ्या बायकाच आहेत.

सकाळी गोळी. सिस्टर समोर उभी राहून तोंड उघडायला लावते, जीभ वर करा, गाल दाखवा, गिळली ना? मग हातात खोचून ठेवलेल्या सुईतून रक्त. मग लघवी डब्यात, डब्यावर आपापला नंबर. ताटातलं सगळं संपवायचं, उरलं तर त्याचंही वजन करून लिहून ठेवतात. मी पोटभर जेवले की नाही हे आई गेल्यापासून कुणी विचारलं नव्हतं, इथे तराजू घेऊन विचारतात.

मग डॉक्टरमॅडम येतात. प्रत्येक खाटेपाशी थांबून एकच प्रश्न. "काही त्रास?" आम्ही म्हणायचं, "काही त्रास नाही." की झालं. दिवसभर लोळा.

आम्हाला इथे आणलं ती मुकादमीण. पूर्वी बांधकामावर बायकांची मुकादम होती. आवाज असा की खालच्या मजल्यावरचा माणूस दचकावा. गोळ्या खायची कामं तिने पुष्कळ केली आहेत. प्रत्येक बाईमागे केंद्र तिला वेगळे पैसे देतं, हे ती लपवत नाही. दोन जावा आहेत, थोरली आणि धाकटी. घरी एकमेकींचं तोंड बघत नाहीत म्हणे, इथे एका कंगव्याने केस विंचरतात. आणि माझ्या शेजारच्या खाटेवर शिंपीण. सुई-दोरा घेऊनच आली. इथल्या झग्यांचे बंद सारखे तुटतात, ते सगळ्यांचे शिवून देते. मला सगळ्या इस्त्रीवाली म्हणतात.

कशासाठी हे, असं तू विचारशील. मला स्वतःचं इस्त्रीचं दुकान काढायचंय. दोन टेबलं, एक वाफेची इस्त्री, आणि मालक म्हणून मीच. नवरा येऊन तमाशा करतो म्हणून जुन्या मालकाने मला काढलं, ते तुला कुठून माहीत असणार.

एकच अट आहे. शेवटपर्यंत राहायचं. मधेच सोडलं किंवा काम बंद पडलं तर किरकोळ काहीतरी हातावर टेकवतात. खरी रक्कम शेवटच्या दिवशी एकदम.

कपाळावर थोडं टेंगूळ आलंय. न्हाणीघराच्या दारावर आपटले. बाकी काही नाही.

धाकटी


१७ फेब्रुवारी

ताई,

मागचं पत्र सिस्टरने पेटीत टाकलं. टाकण्याआधी वाचलंही असेल, म्हणून त्यात सगळं गोडगोड होतं. हे मी चादरी न्यायला येणाऱ्या धोब्याकडे देतेय. तो आमच्या जुन्या दुकानातला ओळखीचा निघाला.

टेंगूळ दाराचं नव्हतं. गोळी सुरू झाल्या झाल्या गरम पाण्यावरून जुंपली. थोरल्या जावेने भरली बादली माझ्या तोंडावर भिरकावली, पाण्यासकट. कपाळ फुटलं नाही हे नशीब. मी काही केलं नाही. तिचा हात धरला इतकंच. तेवढ्यात मुकादमीण आत आली. तिने ना आरडाओरडा केला, ना कोण चुकलं ते विचारलं. थोरलीचं मधलं बोट मुठीत घेतलं आणि हळूहळू मागे वाकवत नेलं. थोरली पायांच्या चवड्यांवर उभी राहिली, मग गुडघ्यांवर बसली. मुकादमीण थांबली नाही. कट् झालं.

मग ती खाली वाकून प्रेमाने म्हणाली, "काय झालं?"

थोरली बोट छातीशी धरून कण्हत होती.

"दारात सापडलं. काय झालं?"

"दारात सापडलं."

"आणि हिचं कपाळ?"

"दारावर आपटलं."

"शहाणी माझी बाय." आणि मग आमच्या सगळ्यांकडे बघून, "इथलं इथेच राहतं. ज्यांना भांडायचंय त्यांनी पैसे मिळाल्यावर बाहेर भांडा."

सिस्टरने बोटाला पट्टी बांधली. धाकटी जाऊ नंतर मुकादमिणीचे पाय चेपत बसली होती.

आता दुसरी गोष्ट. शिंपीण परवा माझा झगा शिवत होती. दोरा ओवायला बसली आणि ओवतच राहिली. म्हणाली, "अगं, सुईला दोन नेढी दिसतायत. कुठल्यात घालू?" मी हसले. तीही हसली. काल तिने ग्लासाच्या बाजूला पाणी ओतलं, सगळं चादरीवर. आज भिंतीला धडकली. डोळ्यांच्या मागे खिळा ठोकल्यासारखं दुखतं म्हणते. जेवलेलं पोटात ठरत नाही, पण उलटी दाबून ठेवते, कारण उलटीचंही वजन करतील.

मी म्हणाले, "उद्या मॅडमना सांगून टाक."

मुकादमिणीच्या कानावर गेलं. ती येऊन शिंपिणीच्या खाटेवर बसली, तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

"सांग की," म्हणाली. "कोण नाही म्हणतंय? तू सांगशील, मॅडम फोन करतील, गोळी बंद. तुझी एकटीची नाही, सगळ्यांची. मागे एकीला नुसतं पित्त उठलं, ती बोलून बसली. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या फाटकाबाहेर." मग आवाज खाली आणून, "डोळे दुखतात ना? मग मिटून पड. पैसे घ्यायच्या वेळी उघड."

कुणीतरी फिदकन हसलं. बाकी सगळ्या शिंपिणीकडे बघत होत्या. ताई, तशी नजर मी जेवणाच्या रांगेत बघितली आहे, शेवटचं पातेलं खरवडताना.

शिंपिणीला तरी पैसे नको आहेत का? तिच्या मुलीचं बाळंतपण तोंडावर आलंय. सकाळी मॅडम आल्या, "काही त्रास?" ती मॅडमच्या कानाशेजारच्या हवेकडे बघत म्हणाली, "काही त्रास नाही."

मॅडमनी कागदावर खूण केली आणि माझ्याकडे वळल्या. मीही तेच म्हणाले.

धाकटी


४ मार्च

ताई,

अक्षर वाकडं आहे, कारण डाव्या हाताने लिहितेय. तिथलं काम लवकर संपलं. उजवा हात मोडला आहे, दोन ठिकाणी. समोरचा एक दातही गेला. सरकारी दवाखान्यात आहे. जिन्यावरून पडले.

पैसे मागायला लिहिलेलं नाही. येऊ नको.

धाकटी


१३ मार्च

ताई,

काल भाऊजींचा फोन आला. गॅलरीत जाऊन केला असावा, आवाज दबका होता. म्हणाले, "तुझी ताई म्हणते, जिन्यावरून पडलेला माणूस आधी जिन्याला शिव्या देतो. हिने एकही दिली नाही. खरं लिहायचं असेल तर लिही म्हणावं, नाहीतर टपालाचा खर्च वाचव."

इतक्या वर्षांनी तुझं एक वाक्य आलं, तेही दुसऱ्याच्या तोंडून आणि असलं. तरी ते ऐकून मी हसले आणि टाके ओढले गेले. बरं, खरं लिहिते. दोन दिवस लागतील, डावा हात लवकर थकतो.

धोब्याकडे पत्र दिलं त्यानंतर दोन-चार दिवसांतली गोष्ट. सकाळी शिंपीण खाटेवरून उतरली आणि सरळ सिस्टरच्या ट्रॉलीवर पडली. बाटल्या फुटल्या. सिस्टर म्हणाली, "चक्कर आली का?" मुकादमीण म्हणाली, "चप्पल घसरली." शिंपिणीने मान हलवली. पण सिस्टर बाहेर गेल्यावर ती माझा हात धरून म्हणाली, "मला तुझं तोंड दिसत नाही गं. नुसता डाग दिसतो. मी आज सांगणार." ती कुजबुजली असं तिला वाटलं. खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं.

मॅडम यायला वेळ होता. धाकटी जाऊ गोड आवाजात म्हणाली, "चल, तुला तोंड धुवायला नेते." तोवर सिस्टर परत आली होती, मी माझ्या सुईतून रक्त देत बसले होते. न्हाणीघराचे सगळे नळ एकदम सुटल्याचा आवाज आला. सगळे नळ कोण सोडतं?

सिस्टर नळी काढेपर्यंत मी बसून राहिले. मग उठले.

दारात धाकटी जाऊ पाठ टेकून उभी होती. "तुझं इथे काम नाही," म्हणाली. मी खांदा घातला, दार तिच्यासकट उघडलं. आत शिंपीण फरशीवर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. ओल्या टॉवेलमध्ये साबणाच्या वड्या बांधून मारत होत्या, म्हणजे वळ दिसत नाहीत. पाठीवर, बरगड्यांवर, पोटऱ्यांवर. थोरली डाव्या हाताने मारत होती. आणखी दोघी होत्या, त्यांची नावंसुद्धा मला माहीत नव्हती. एक तर रडत रडत मारत होती. मुकादमीण बाजूला बादली उलटी घालून त्यावर बसली होती आणि प्रत्येक फटक्यामागे विचारत होती, "काही त्रास?"

शिंपीण म्हणत होती, "नाही. नाही. काही त्रास नाही."

इथून पुढे मी तीच आहे जी तू म्हणतेस. मी थोरलीचं पट्टी बांधलेलं बोट पकडलं आणि पिळलं. ते मुकादमिणीने मोडलं होतं हे खरं, पण ते मोडेपर्यंत थोरलीचं मनगट मीच धरून ठेवलं होतं, ते त्या पत्रात लिहिलं नाही. थोरली खाली बसली. धाकटीने मागून मानेला विळखा घातला, मी तिच्या तोंडावर स्टीलचा तांब्या मारला, तिच्या नाकातून रक्ताची धार लागली. रडणारी पळाली. मग मुकादमीण उठली.

तिचे हात विटा उचललेले आहेत. तिने माझे केस मुठीत धरून माझं तोंड नळावर आपटलं. दात तेव्हाच गेला. दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा मला कानात नुसती शिट्टी ऐकू येत होती. तिसऱ्यांदा डोकं मागे ओढलं तेव्हा तिचा कान माझ्या तोंडापाशी आला. मी चावले, ताई. सोडलंच नाही. ती ओरडली, तो आवाज नळांनी झाकला नाही. तोंडात काहीतरी राहिलं ते मी थुंकलं. माझा दात होता की तिच्या कानाची पाळी, मला तेव्हा कळलं नाही. दोन्ही होतं.

शिंपिणीला झग्याला धरून फरफटत बाहेर काढलं. ती म्हणत होती, "मी सांगत नाही, मी सांगत नाही," कारण तिला वाटलं त्यांच्यातलीच कुणी ओढतेय. मॅडम समोरून येत होत्या. सवयीने त्यांच्या तोंडून निघालं, "काही त्र—" आणि मग त्यांनी हातातला कागदांचा गठ्ठा खाली टाकला.

मी म्हणाले, "हिला सगळं दोन-दोन दिसतं. किती दिवस झाले ते हिला विचारा."

त्या दिवशी दुपारपर्यंत गोळी बंद झाली. शिंपिणीला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. बाकीच्यांची घाईघाईने तपासणी केली, डोळ्यांचीही, आणि किरकोळ पैसे देऊन सोडलं. केंद्राला पोलीस नको होते. मला मॅडम म्हणाल्या, "मागच्या दाराने जा." मी म्हणाले, मी कशाला मागच्या दाराने जाऊ?

फाटकाबाहेर त्या उभ्या होत्या. भर दुपार, रस्त्यावर माणसं, समोर औषधांचं दुकान. दोघी जावांनी मला धरलं. मुकादमिणीच्या डोक्याला पट्टी होती. मला वाटलं शिव्या देईल. तिने विचारलं, "इस्त्रीचा हात कोणता?"

मी सांगितलं नाही. तिने माझे दोन्ही तळवे अंगठ्याने चाचपले, घट्टे कुठे आहेत ते बघितलं. मग उजवा हात फुटपाथच्या कडेवर आडवा ठेवला आणि त्यावर उडी मारली. एकदा कोपराखाली, एकदा मनगटाजवळ. फाटकावरचा वॉचमन वर्तमानपत्र वाचत होता. त्याने पान उलटलं.

झालं तुझं खरं? जिन्याला शिव्या कशा देणार होते मी?

आता चांगली बातमी. शिंपीण वाचली. डोळ्यांच्या नसेला सूज होती, वेळेवर कळलं, उतरतेय. काल ती काठी टेकत मला बघायला आली. माझा चेहरा बघून म्हणाली, "यापेक्षा डाग बरा दिसत होता."

आणि एक म्हातारे गृहस्थ आले होते. असल्या केंद्रांवर लक्ष ठेवणारी कसली समिती असते, तिच्यातले. बरोबर मॅडम होत्या, मान खाली घालून. म्हाताऱ्यांनी सगळं विचारलं. मी मारामारीचं सोडून सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "पैसे मिळणार नसते तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं?"

मी म्हणाले, "पैसे मिळणार नसते तर इथे कशाला आले असते?"

त्यांनी माझ्या प्लास्टरकडे बघितलं. मग मॅडमकडे वळून म्हणाले, "सगळी रक्कम शेवटच्या दिवसाला टांगून ठेवायची नाही, हे तुम्हाला लेखी कळवलं होतं." सगळ्या बायकांना पूर्ण पैसे द्यायचे असं ठरलं. सगळ्यांना, ताई. थोरलीला, धाकटीला, मुकादमिणीला.

म्हणजे माझा हात फुकटच मोडला.

पोलीसही येऊन गेले. मी म्हणाले, कुणी मोडला मला आठवत नाही. मला तिला पोलिसांच्या हातात द्यायचं नव्हतं. का ते तू ओळखलंच असशील.

धाकटी


३ मे

ताई,

तू भाऊजींकरवी निरोप धाडलास, "तिच्या वाटेला जाऊ नको." निरोप मिळाला. मी गेले.

प्लास्टर निघाल्यावर हात बघितला. कोपराखाली वाकडा बसलाय. मूठ वळते, पण जोर लागत नाही. रिकामी इस्त्री उचलून बघितली, मनगट थरथरायला लागलं. त्याच दिवशी गल्लीतल्या नळवाल्याकडून लोखंडी पाइपाचा तुकडा मागून घेतला. डाव्या हातात नीट बसेल एवढा.

मुकादमीण एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत राहते, तिसऱ्या मजल्यावर. जिन्याला कठडा नाही. सकाळची वेळ होती, ऊन थेट खोलीत येत होतं. दार उघडंच होतं. ती चुलीशी पाठ करून उभी होती, चाहूल लागली तशी वळली. कानाच्या पाळीची जागा गुलाबी झाली होती.

"आलीस," म्हणाली. "मला वाटलंच होतं. आणि बरोबर कुणाला आणलंयस?"

माझ्या बरोबर कुणी नव्हतं. मला वाटलं, बोलण्यात गुंतवतेय. मी पाइप उचलला. पहिला घाव पाण्याच्या पिंपावर बसला, पिंप आत चेपलं. दुसरा तिच्या खांद्यावर. हाड वाजलं. लपवत नाही.

पण ताई, मारताना मी बघितलं. तिने हात आडवा धरला होता, जोरात, पटाईत बाईसारखा. फक्त भलत्याच बाजूला. मी डावीकडून मारत होते आणि ती उजवीकडे, जिथे कुणीच नव्हतं, तिथे वार अडवत उभी होती.

मी पाइप खाली केला.

"किती दिवस?" मी विचारलं.

"काय किती दिवस?"

"दोन कधीपासून दिसतात?"

ती खांदा धरून खाली बसली. "शिंपिणीच्या आधीपासून," म्हणाली.

"आणि तपासणीत? तक्ता वाचायला लावला होता."

"पुढची बाई वाचत होती ते ऐकून पाठ केला. चांगला म्हटला. मॅडम म्हणाल्या, नजर उत्तम." आणि हसली. "सोमवारी दुसऱ्या केंद्रात जायचंय. ताकदीची गोळी आहे. पाच बायका जमवल्यात."

मला काय झालं माहीत नाही. इतका राग मला नवऱ्याचा आला नव्हता, तुझा आला नव्हता, हात मोडला तेव्हाही आला नव्हता. मी तिच्या केसांना धरलं आणि उठवलं.

"चल."

"कुठे?"

"डोळ्यांच्या दवाखान्यात."

"जीव गेला तरी येणार नाही. तिथे लिहून ठेवतील. एकदा लिहिलं की कुठलंच केंद्र घेत नाही."

त्या कठडा नसलेल्या जिन्यावरून मी तिला ओढत खाली आणलं. तिने माझ्या वाकड्या हाताला चावा घेतला, नेमका मोडलेल्या जागी. मी ओरडले आणि तिच्या थोबाडीत मारली. तिने पोटात लाथ मारली, ती बसली नाही, दुसऱ्या मला बसली असणार. खाली आल्यावर लोक जमले. एकाने विचारलं, "चोर आहे का?" मुकादमीण ओरडली, "हो, ही चोर आहे, धरा हिला!" मी ओरडले, "आंधळी होतेय, दवाखान्यात येत नाही!" लोकांना कुणाचं खरं धरावं कळेना. शेवटी एका टेम्पोवाल्याने आम्हा दोघींना मागे चढवलं आणि फळी लावून घेतली, जनावरं चढवतात तसं. वाटभर ती मला शिव्या देत होती आणि मी तिच्या छातीवर गुडघा टेकून बसले होते.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होता. डोळ्यांत उजेड टाकून बघितला, मग तोंडाचा रंग उतरला. म्हणाला, "इतके दिवस काय करत होतात?" मग त्याचं लक्ष खांद्याकडे गेलं, तो सुजून वर आला होता.

"हे कुणी केलं?"

मुकादमिणीने माझ्याकडे बोट केलं, थोडं बाजूला. "ह्या दोघींनी," म्हणाली.

तिचा डावा डोळा गेला. उजवा राहील म्हणतात. त्यात आता एकच दिसतं. खांद्याचं हाड बसवलंय. आमच्या जुन्या केंद्राला दवाखान्याने कळवलं आणि ते म्हातारे गृहस्थ पुन्हा आले. औषधपाण्याचा खर्च केंद्राने करायचा असं त्यांनी ठरवून दिलं. ज्या पाच बायका तिने जमवल्या होत्या त्यांच्या घरी मी स्वतः जाऊन आले. तिघींनी ऐकलं. दोघींनी दार लावून घेतलं.

दुकान घेतलं, ताई. लहान आहे, पण रस्त्यावर आहे. इस्त्री शिंपीण करते, मी डाव्या हाताने कपड्यांच्या घड्या घालते आणि गिऱ्हाइकांशी भांडते. तिच्या मुलीला मुलगा झाला. मुकादमिणीचं नाव काढलं तर शिंपीण गरम इस्त्री पाण्यात बुडवते, नुसता चर्र आवाज करायला, आणि तासभर माझ्याशी बोलत नाही. मी मुकादमिणीला बघायला जाते हे तिला पटत नाही. मलाही पटतं असं नाही.

मुकादमिणीने माफी मागितली नाही. मागणारही नाही. मीही मागितली नाही. काल गेले तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. पावलांवरून ओळखते मला. म्हणाली, "रोज कशाला येतेस? मेले की नाही बघायला?"

"हो."

"तुझं कुणी नाही का?"

"बहीण आहे. थोरली."

"बोलते?"

"नाही. हाताला आवर नाही म्हणते माझ्या. एकदा सगळ्यांसमोर थोबाडीत दिली होती."

मुकादमीण माझ्याकडे वळली. राहिलेल्या डोळ्याने मला नीट बघितलं, तोंड, दाताची जागा, हात.

"मग सख्खीच असणार," म्हणाली.

धाकटी